रेफरीची रांग

ऑक्टोबरचा उकाडा सरला की कर्वेनगरात आमच्या सोसायटीमागच्या कॉलेजच्या मैदानावर सकाळी सकाळी फक्की मारायला सुरुवात होते. फक्की म्हणजे मैदानावर रेघा आखायची ती पांढरी चुन्याची पूड. दव पडलेल्या गवतावर ती सांडली की ओलसर, नाकाला किंचित झोंबणारा वास आमच्या गॅलरीपर्यंत येतो. लोकांना दिवाळीची चाहूल उटण्याने लागते, मला फक्कीने लागते. मग चहाचा कप हातात तसाच राहतो आणि दरवर्षी तोच एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मी फुटबॉलची दोन सीझन तिकिटं काढली होती आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं होतं.

काळजी रास्त होती. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. खरं तर मी रेफरीची मुलगी. बाबा आठवडाभर सरकारी कचेरीत कारकुनी करायचे आणि रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून कुठल्या ना कुठल्या गावच्या मैदानावर धावायचे. लहानपणी त्यांनी मला ऑफसाइड म्हणजे काय ते मंडईतून आणलेल्या पिशवीतले बटाटे जमिनीवर मांडून तीनदा समजावलं होतं. तिन्ही वेळा मला फक्त बटाटे कळले. पण त्यांचा काळा शर्ट, गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे, खिशातली छोटी वही आणि दोन पेन्सिली (एक मोडली तर दुसरी) हे सगळं मला पाठ होतं. आई तो शर्ट कधी बाहेरच्या दोरीवर वाळत घालायची नाही. एकदा हरलेल्या संघाच्या कोणीतरी तो पळवला होता.

बाबांच्या काही रीती होत्या. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ते मैदानावर एकटे जायचे आणि चारी रेघांवरून सावकाश चालत एक फेरी पुरी करायचे. गाव कुठलंही असो, ही फेरी चुकायची नाही. दुसरी रीत म्हणजे सामन्याआधी कुणाचंही काही घ्यायचं नाही. चहा नाही, पाणी नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. एकदा कोल्हापूरला त्यांनी शेवटच्या मिनिटाला तिथल्या संघाविरुद्ध पेनल्टी दिली. तिथे फुटबॉल म्हणजे पेठेपेठेचा जीव की प्राण. लोक भिंतीवरून मैदानात उतरले आणि बाबांना माळ्याच्या खोलीत आतून कडी लावून तासभर बसावं लागलं. मग त्याच लोकांनी कडी वाजवून त्यांना बाहेर काढलं आणि जेवायला नेलं. तांबडा-पांढरा रस्सा वाढता वाढता एक पैलवान म्हणाला, "पेनल्टी होती ओ सर, पण द्यायची न्हवती." ही गोष्ट बाबा दरवेळी सांगायचे आणि दरवेळी तेच आधी हसायचे.

पुढे गुडघे गेले आणि शिट्टी कपाटात गेली. त्यानंतर काही वर्षांनी आई गेली. मंडईमागच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून बाबा माझ्याकडे राहायला आले. म्हणजे मी त्यांना आणलं. मुलीच्या घरी राहायचं हे त्यांच्या पिढीला किती जड जातं ते मला तेव्हा कळलं. मंडईत भाजीवाल्या मावशीशी हुज्जत घालून कोथिंबिरीची जुडी जिंकणारा हा माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून विचारायचा, "चहा टाकला तर चालेल का गं?" टीव्ही लावायच्या आधी माझ्या नवऱ्याकडे बघायचा. जेवताना दुसऱ्यांदा काही मागायचा नाही. बोलणं तर जवळजवळ थांबलंच. सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आणि मग गॅलरीतली खुर्ची. मला रडू यायचं आणि रागही यायचा. चार माणसांत त्यांना पुन्हा आपलं वाटावं, हुज्जत घालावीशी वाटावी, एवढंच मला हवं होतं.

त्याच सुमारास शहराला व्यावसायिक फुटबॉलचा संघ मिळाला होता. बसच्या मागे भलेमोठे खेळाडू चिकटवलेले दिसायचे. एका सिग्नलला मी त्यांतल्या एकाच्या पोटरीकडे बघत बसले आणि सिग्नल सुटेपर्यंत तिकिटं काढायचं ठरवून टाकलं.

सीझन तिकीट हे प्रकरण पुणेकराच्या स्वभावाला मानवणारं नाही. अजून जो सामना झालाच नाही, तो चांगला होईल की रटाळ हे ठाऊक नाही, आपल्याला त्या दिवशी सर्दी झालेली असेल की नाही हेही ठाऊक नाही, आणि पैसे मात्र सगळे आज. त्यातून मी छपराखालची, मैदानाच्या बरोबर मध्यावरची जागा घेतली. "एवढ्यात दोन वर्षं नाटकं बघितली असती, तीही पुढच्या रांगेतून," नवरा म्हणाला. बाबांना मी किंमत निम्मीच सांगितली. आईवडिलांना आणलेल्या वस्तूची खरी किंमत सांगायची नसते, हा आमच्या पिढीचा अलिखित नियम आहे. निम्म्या किमतीवरही बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅच बघायचे पैसे द्यायचे? मला मॅच बघायचे पैसे मिळायचे."

तरी ते आले. स्टेडियम शहराच्या पश्चिम टोकाला, महामार्गाच्या पलीकडे. फाटकावर तपासणीत त्यांची पाण्याची बाटली काढून घेतली. "आत विकत मिळतं काका," ती मुलगी नम्रपणे म्हणाली. "मैदानावर मी कुणाचं पाणी पीत नाही," बाबा तितक्याच नम्रपणे म्हणाले आणि तहानलेलेच आत गेले.

आमच्या डावीकडे शिंदे होते. पन्नाशीचे, अंगाने आडवे, गळ्यात संघाचा मफलर आणि आवाज असा की माइकची गरजच नाही. मूळचे तिथल्याच गावचे. गाव आता शहरात आलं आणि शिंदे फरशीच्या दुकानात आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डावीकडचा गोल दाखवला. "ताई, त्या लाइटच्या खांबापासनं ते कोपऱ्यातल्या झेंड्यापतुर आमच्या आज्ज्याचं जवारीचं रान. मी हितं ढेकळांत खेळलोय." उजवीकडे तन्मय, अमरावतीहून आलेला, हिंजवडीत कंपनीत कामाला. तो सगळ्यांना आल्याआल्या सेल्फीत घ्यायचा.

पहिल्या सामन्यात विसाव्या मिनिटाला आमच्या संघाने गोल केला. अख्खा स्टँड उसळला. शिंदेंनी तर मागच्या अनोळखी माणसालाही मिठी मारली. बाबा बसूनच होते. ते स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "ऑफसाइड."

ते कुणाला उद्देशून म्हणाले नव्हते. चाळीस वर्षांची सवय बोलली होती. दोन क्षणांत मैदानावरही झेंडा वर झाला आणि गोल रद्द झाला. आता लोकांच्या हाती मैदानावरचा रेफरी सापडेना, तेव्हा बाबा सापडले. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, पलीकडच्या स्टँडमध्ये जा ना, तिकडे जागा आहे." तन्मय म्हणाला, "काका, चिल ना, आपलीच टीम आहे." शिंदेंनी आपली खुर्ची सोडून मधे एक जागा मोकळी ठेवली. घरी जाताना बाबा म्हणाले, "मी नाही येणार आता. उगाच तुम्हा लोकांच्या आनंदात मिठाचा खडा." तुम्हा लोकांच्या, असं म्हणाले ते. मला वाटलं, संपलं सगळं. मी त्यांना आणखी एका ठिकाणी पाहुणा करून ठेवलं होतं.

पुढच्या सामन्याला ते आले ते केवळ माझे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. तोंडातून अक्षर काढायचं नाही असं ठरवूनच आले होते. पण त्या दिवशी मध्येच रेफरीने खेळ थांबवून काहीतरी दिलं आणि कुणालाच कळेना काय दिलं. शिंदे बराच वेळ चुळबुळले. शेवटी मधली रिकामी जागा ओलांडून वाकले. "काका, ते मागल्या बारीला तुम्ही बरोबर वळखलं होतं. हे काय दिलं वो त्यानं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. गोलकीपरकडे आपल्याच माणसाने पायाने मुद्दाम चेंडू दिला तर त्याने तो हातात घ्यायचा नसतो, म्हणून ही फ्रीकिक. शिंदेंनी ते ऐकलं आणि उभं राहून मागच्या दहा रांगांना आपल्या भाषेत ऐकवलं. "तुम्हाला कसं काय म्हाईत?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मीच सांगितलं की हे चाळीस वर्षं रेफरी होते. शिंदे झटकन दोन्ही हात जोडून म्हणाले, "मग आधी न्हाय का सांगायचं, सर!"

त्या दिवसापासून ते सर झाले. शिट्टी वाजली की आमच्या रांगेतली सहा-सात डोकी मैदानाऐवजी बाबांकडे वळायची. शिंदे भाजलेल्या शेंगांची पुडी पुढे करायचे आणि बाबा म्हणायचे, "सामना संपल्यावर." मग शिंदे न चुकता मूठभर दाणे नव्वद मिनिटं राखून ठेवायचे. तन्मयला ऑफसाइड एका बैठकीत कळलं, तेही बटाट्यांशिवाय, याचं मला थोडं वाईट वाटलं. बाबा घरी बोलू लागले. सोमवारी सकाळी पेपर वाचताना "अगं, हा वार्ताहर झोपला होता का?" असा आवाज यायचा आणि मी स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता मनाशी हसायचे.

तिकिटाची खरी किंमत शिंदेंनीच फोडली, बोलता बोलता. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "मला निम्मी का सांगितलीस?"

"खरी सांगितली असती तर तुम्ही आला नसतात."

"नसतोच आलो," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरं झालं खोटं बोललीस." त्यानंतर ते मला दर सामन्याला एक तास आधी निघायला लावू लागले. खेळाडूंचा सराव, गवतावर पाणी मारणं, कोपऱ्यात झेंडे रोवणं, सगळं बघायचं. पुरते पैसे वसूल.

सीझन तिकिटाची किंमत कशात मोजायची हे मला त्या रिकाम्या तासांत उमगलं. एकेका सामन्याचं तिकीट काढणाऱ्याच्या शेजारी दरवेळी नवा माणूस येतो. आमच्या शेजारी तेच शिंदे, तोच तन्मय, मागे तीच तोंडं. भांडण झालं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मांडीला मांडी लावून बसायचं, त्यामुळे ते मिटवावंच लागायचं. पैसे शेजाराचे होते.

जानेवारीची एक थंड संध्याकाळ आठवते. सगळ्यांच्या डोक्याला कानटोप्या होत्या, बाबांच्या सोडून. "कान उघडे लागतात," असं त्यांचं म्हणणं. तन्मयने विचारलं, "सर, होम ॲडव्हांटेज म्हणजे एक्झॅक्टली काय असतं? बॉल सेम, ग्राउंड सेम."

बाबांनी जरा विचार केला. "वारा ठाऊक असतो. चेंडू कुठे उसळतो, कुठे मरतो ते ठाऊक असतं. पण खरी गोष्ट वेगळी. रेफरी माणूस असतो. हजारो माणसं एका बाजूनं ओरडायला लागली की त्याला शिट्टी तोंडाशी न्यायला अर्धा क्षण उशीर होतो. तो अर्धा क्षण म्हणजे घरचं मैदान."

"तुमचा व्हायचा, सर?"

"व्हायचा ना. म्हणून तर आदल्या दिवशी फेरी मारायचो. म्हटलं, थोडी माझीही ओळख असू दे."

शिंदेंनी शेंगा सोलता सोलता विचारलं, "मंग रेफरीचं घरचं मैदान कंचं?"

"त्याला नसतं हो," बाबा हसून म्हणाले. "त्याला कोणीच आपलं म्हणत नाही. म्हणू नयेच."

ते हसत होते, मला मात्र ते सगळे रविवार आठवले. इतकी वर्षं दर रविवारी हा माणूस अशा ठिकाणी जाऊन उभा राहिला होता जिथे एकही माणूस त्याच्या बाजूचा नव्हता. संध्याकाळी घरी येऊन मोजे धुतले, आईला सामन्याची गंमत सांगितली आणि सोमवारी कचेरीत गेला. त्याची तक्रार मी कधी ऐकली नाही. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांचा खेळ किती सुंदर होता हेच ऐकलं. आम्ही लहान असताना त्यांचं थोडंही कौतुक केलं नाही याची मला त्या थंडीत फार लाज वाटली.

फेब्रुवारीत घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर उपान्त्य फेरी, बरोबरी झाली तरी घरी. एक-एक असा फलक होता आणि शेवटची चार-पाच मिनिटं उरली होती. आम्हाला डावीकडच्या गोलाशी कॉर्नर मिळाला. चेंडू गर्दीत पडला, पाय, डोकी, धूळ, आणि जाळं हललं. रेफरीने मध्याकडे हात केला. गोल.

त्यानंतरचा आवाज माझ्या छातीत अजून आहे. शिंदेंनी बाबांना अक्षरशः उचललं. तन्मय रडत होता. बाबांना खाली ठेवल्यावर शिंदेंनी त्यांचे खांदे धरले आणि सवयीने विचारलं, "झाला ना सर? झाला ना?"

रांगेतली सगळी डोकी वळली. मी मनात म्हणत होते, बाबा, आजच्या दिवस हो म्हणा. एवढ्या मुश्किलीने जागा मिळाली आहे तुम्हाला. एक शब्द तर आहे.

बाबांचा चेहरा पडला होता. त्यांनाही तो गोल हवा होता, मला दिसत होतं. ते म्हणाले, "हात लागला. डावा."

शिंदेंनी त्यांचे खांदे सोडले. तेवढ्यात मैदानावर गलका झाला. बाजूच्या रेषेवरचा पंच झेंडा वर धरून उभा होता. रेफरी त्याच्याकडे धावत गेला, दोघं बोलले, आणि परत येताना त्याने हात हलवून गोल रद्द केला.

मग जे सुरू झालं ते बाबांच्या रविवारच्या गोष्टींत मी कधी ऐकलं नव्हतं. सगळं स्टेडियम एका तोंडाने त्या रेफरीला आईवरून शिव्या घालत होतं. तरुण होता तो, किडकिडीत, आमचे सहा खेळाडू त्याच्या अंगावर चालून गेले होते. तो हात मागे बांधून त्यांच्या मधोमध उभा होता. आमच्या मागून बाटल्यांची झाकणं उडत होती. बाबा मान खाली घालून बसले होते. मी त्यांचा हात धरला.

आणि शिंदे खुर्चीवर चढले. मला वाटलं, आता हे सगळ्यांहून मोठी शिवी घालणार. ते मैदानाकडे पाठ करून स्टँडकडे तोंड करून उभे राहिले.

"ए, गप ऱ्हावा! बरुबर दिलंय त्यानं! हात लागलाय!"

"तू कुणाकडून आहेस रे?" वरून कोणीतरी ओरडलं.

"मी हितलाच हाय! ह्यो जिथं हुबाय ना, तितं माझ्या आज्ज्याचं रान हुतं. माझ्याइतकं घरचं हितं कोन न्हाय. पन हात लागलाय म्हंजे लागलाय!"

तन्मय डोळे पुसत उभा राहिला. मग रांगेतले आणखी दोघं-तिघं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या शिव्या खाणाऱ्या रेफरीसाठी. सात-आठ माणसांच्या टाळ्या त्या गदारोळात कुठे ऐकू येणार? पण बाबांनी मान वर केली. आपले दुखरे गुडघे धरून ते उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"अहो शिंदे, खाली उतरा," ते म्हणाले. "मार खाल."

"खाऊ की, सर," शिंदे म्हणाले. "तुम्ही किती खाल्लाय."

सामना बरोबरीत सुटला. आम्ही स्पर्धेतून बाहेर पडलो. फाटकातून निघताना आमच्या रांगेकडे लोक रागाने बघत होते आणि शिंदे बाबांना आपल्या रुंद अंगाच्या आडोशाने गाडीपर्यंत घेऊन आले. गाडी चांदणी चौकात आली. बाबा काचेबाहेर बघत म्हणाले, "मला असा एक तरी शिंदे मिळायला हवा होता गं. कुठल्यातरी एका मैदानावर."

"मिळाला की, बाबा. आज मिळाला."

त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या रस्त्याकडे बघत अगदी ठणकावून म्हणाले, "पुढच्या वर्षीची तिकिटं काढशील तेव्हा आधी शिंदेंना फोन कर. आपली रांग सुटता कामा नये. आणि या वेळी पैसे मी देणार."